सगळ्यांना आवडलं, तरी बुडालं! 'छान' धंदा आणि 'चालणारा' धंदा यांत नेमका फरक काय?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एका नाटकाची गोष्ट सांगितली. व्हिडिओ बारा मिनिटांचा असल्यामुळे आकडेमोड पूर्ण दाखवता आली नाही. ती इथे सविस्तर देतेय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आधी हा विषय कुठून निघाला ते सांगते. मागच्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. तो हाताने साबण बनवतो. साबण खरंच सुंदर असतात, मी स्वतः वापरते. म्हणाला, "ताई, कॉलेज रोडवर गाळा मिळतोय. शुक्रवारी अ‍ॅग्रीमेंट करायचंय. डिपॉझिटसाठी आईचे दागिने तारण ठेवतोय. माल तर सगळ्यांना आवडतोच, म्हणजे चालेल ना?"

त्याच्या शेवटच्या वाक्यावर मी थांबले. "सगळ्यांना आवडतंय, म्हणजे चालेल" हे वाक्य मीही २०१९ मध्ये बोलले होते, आणि त्याची किंमत मोजली होती. तेही सांगेन. पण आधी नाटक.

दुकानातलं नाटक

माझं कॉस्मेटिक्सचं दुकान आहे, त्यामुळे या नाटकाचं नाव कळल्यावर मला उत्सुकता वाटणारच होती. हे अख्खं नाटक एका अत्तर-प्रसाधनांच्या दुकानात घडतं! नाव 'शी लव्ह्ज मी'. अमेरिकेतली म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून गोष्ट पुढे सरकते असं संगीत नाटक. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर युजीन ओ'नील थिएटरमध्ये २३ एप्रिल १९६३ ला ते उघडलं.

गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल. १९३० च्या दशकातलं बुडापेस्ट शहर. एका दुकानात दोन सेल्सवाले, जॉर्ज आणि अमालिया. दिवसभर काउंटरवर एकमेकांशी भांडतात. पण दोघंही एका अनोळखी माणसाला प्रेमपत्रं लिहीत असतात, आणि तो अनोळखी माणूस म्हणजे समोरचाच, हे दोघांनाही माहीत नसतं. मूळ नाटक हंगेरीच्या मिक्लोश लास्लो यांचं, १९३७ चं. त्यावर १९४० मध्ये 'द शॉप अराउंड द कॉर्नर' हा सिनेमा आला. आपल्या पिढीने पाहिलेला १९९८ चा 'यू हॅव गॉट मेल' हाही त्याच गोष्टीवरचा, फक्त पत्रांच्या जागी ई-मेल.

आता या नाटकामागची माणसं बघा. निर्माता आणि दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्स. 'वेस्ट साइड स्टोरी'सारख्या गाजलेल्या म्युझिकलच्या निर्मात्यांपैकी एक. संगीत जेरी बॉक, गीतं शेल्डन हार्निक. या जोडीच्या 'फिओरेलो!' या आधीच्या म्युझिकलला पुलित्झर पुरस्कार मिळालेला. संहिता जो मॅस्टरॉफ यांची. नायिका बार्बरा कुक, जिच्या आवाजाचं आजही नाव निघतं. म्हणजे नवशिके कुणी नव्हते, सगळे मुरलेले लोक.

नाटक आलं, आणि समीक्षकांना आवडलं. ज्यांनी पाहिलं ते खूश होऊन बाहेर पडले. तरीही ३०२ प्रयोगांनंतर, ११ जानेवारी १९६४ ला ते बंद झालं. लावलेले पैसे वसूल झाले नाहीत.

आणि गंमत बघा. ते बंद झाल्यावर बरोबर पाच दिवसांनी, १६ जानेवारीला, ब्रॉडवेवर 'हॅलो, डॉली!' उघडलं. त्याचे २,८४४ प्रयोग झाले.

३०२ आणि २,८४४. मग पहिलं नाटक वाईट होतं का? अजिबात नाही. चूक कुठे झाली ते आता टप्प्याटप्प्याने बघू. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते: मी नाट्यसमीक्षक नाहीये, दुकानदार आहे. मी हे सगळं गल्ल्यावर बसून बघतेय.

कारण १: माल छोटा, गाळा मोठा

लोक 'शी लव्ह्ज मी'ला 'छोटं नाटक' म्हणतात. एक दुकान, सात-आठ मुख्य पात्रं, भव्य नाच नाहीत, पन्नास जणांचा कोरस नाही. सगळी मजा बारकाव्यात. पत्र हातात धरून बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर.

पण ते लावलं कुठे? हजाराच्या वर खुर्च्या असलेल्या ब्रॉडवे थिएटरमध्ये. आणि ब्रॉडवेवर एकदा गेलात की खर्च तुमच्या नाटकाच्या स्वभावाप्रमाणे येत नाही, जागेच्या स्वभावाप्रमाणे येतो. थिएटरचं भाडं, युनियनचे तंत्रज्ञ, वादक, कपडेपट, जाहिरात. नाटकात दहा माणसं असोत की चाळीस, यातला बराच खर्च फारसा कमी होत नाही.

आपल्याकडच्या व्यावसायिक मराठी नाटकाचं गणित वेगळं आहे. निर्माता नाट्यगृह प्रयोगापुरतं भाड्याने घेतो. कलाकारांना 'नाइट' मिळते, म्हणजे प्रयोगागणिक मानधन. आज पुण्यात, उद्या सांगलीत. प्रयोग नाही, तर त्या दिवसाचा बराच खर्चही नाही. शनिवार-रविवारच प्रयोग लावूनही नाटक तग धरू शकतं. ब्रॉडवेवर मात्र नाटक एकाच थिएटरमध्ये ठाण मांडून बसतं आणि आठवड्याला आठ प्रयोग करतं. मंगळवारी रात्री पाऊस पडला, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तरी मीटर चालूच.

मराठी नाटकाचा खर्च रिक्षाच्या मीटरसारखा, जेवढं फिराल तेवढा. ब्रॉडवेचा खर्च गाळ्याच्या भाड्यासारखा, शटर उघडा नाहीतर बंद ठेवा.

कारण २: 'बऱ्यापैकी गर्दी' हा सगळ्यात फसवा आकडा

आता वही काढा. खालचे आकडे खरे नाहीत, समजण्यासाठी घेतलेत. गणित मात्र खरं आहे.

समजा १,००० खुर्च्यांचं थिएटर, तिकीट सरासरी ₹१००, आठवड्याला ८ प्रयोग. म्हणजे सगळं फुल असेल तर आठवड्याची कमाई ₹८ लाख. आठवड्याचा चालू खर्च समजा ₹५ लाख. आणि पडदा उघडण्याआधीच सेट, कपडे, तालमी, जाहिरात यावर ₹४० लाख लागून गेलेत.

- ९०% खुर्च्या भरल्या: कमाई ७.२ लाख, खर्च ५ लाख, उरले २.२ लाख. ४० लाख वसूल व्हायला साधारण १८ आठवडे.
- ७०% भरल्या: कमाई ५.६ लाख, उरले फक्त ६० हजार. वसुलीला साधारण ६७ आठवडे.
- ६०% भरल्या: कमाई ४.८ लाख. दर आठवड्याला २० हजार खिशातून.

परत एकदा वाचा. ९० वरून ७० वर आलो, म्हणजे गर्दी पाचव्या हिश्शाहून थोडीच जास्त कमी झाली. पण वसुलीचा काळ साडेतीन पटीहून जास्त लांबला! आणि ७०% भरलेलं थिएटर डोळ्यांना कसं दिसतं? 'मस्त गर्दी आहे' असंच दिसतं.

'शी लव्ह्ज मी'चे ३०२ प्रयोग म्हणजे आठवड्याला आठच्या हिशोबाने सुमारे ३८ आठवडे. आपल्या काल्पनिक गणितात ७०% वाल्या नाटकाचे ३८ आठवड्यांत ₹२२ लाख ८० हजार परत आले असते. ४० पैकी. म्हणजे नऊ महिने रोज टाळ्या आणि शेवटी १७ लाखांहून जास्त खड्डा.

म्हणून मी क्लासमध्ये सारखं सांगते, धंदा सुरू करताना दोन वेगळे आकडे काढा. पहिला, *महिना भागायला किती विक्री लागते*. दुसरा, *लावलेलं भांडवल परत यायला किती महिने लागतात*. बहुतेक जण पहिला काढून खूश होतात. बुडतात ते दुसऱ्यावर.

ब्रॉडवेच्या करारांत आणखी एक गोष्ट असते, 'स्टॉप क्लॉज'. आठवड्याची विक्री ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली की थिएटरमालक नाटकाला जागा सोडायला सांगू शकतो. कारण त्यालाही दारात उभं असलेलं पुढचं, जास्त गर्दी खेचणारं नाटक हवं असतं. मुख्य रस्त्यावरच्या गाळ्याचंही असंच आहे. तुम्ही हळूहळू वाढाल हो, पण तुमच्या गाळ्यावर डोळा ठेवून बसलेला मोबाइलवाला थांबेल का?

कारण ३: एका वाक्यात सांगता येत नव्हतं

हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा, कारण याचं उत्तर नाटकाच्या आतच आहे!

नाटकात दुकानाच्या मालकाला वाटतं, की झाकण उघडलं की सूर वाजणाऱ्या सिगरेटच्या पेट्या जोरात खपतील. जॉर्ज म्हणतो, नाही खपणार. तेवढ्यात अमालिया नोकरी मागायला येते. दुकानात आलेल्या एका बाईला ती तीच पेटी दाखवते, पण सिगरेटची म्हणून नाही, गोळ्या-चॉकलेटची म्हणून. सांगते की झाकण उघडलं की हे सूर तुम्हाला आठवण करून देतील, आता पुरे, अजून गोड नको! बाई पेटी घेते. अमालियाला नोकरी मिळते.

बघा हं. वस्तू तीच, किंमत तीच. पण अमालियाने गिऱ्हाइकाच्या डोक्यात *एक वाक्य* बसवलं. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं "हे कशाला आणलं?", तर बाईकडे उत्तर तयार आहे.

'शी लव्ह्ज मी' या नाटकाकडे मात्र स्वतःसाठी असं वाक्य नव्हतं. त्या सुमाराला ब्रॉडवेवर आणखी काय होतं? डिकन्सच्या कादंबरीवरचं 'ऑलिव्हर!'. नाव आधीच घराघरात माहीत. पोट धरून हसवणारं 'फोरम' नाटक, त्याचे निर्माते खुद्द प्रिन्सच. ऑफिसच्या राजकारणावरचं 'हाऊ टू सक्सीड'. प्रत्येकाचं एका दमात सांगता येतं. आणि 'शी लव्ह्ज मी'? "एक दुकान आहे... दोघं भांडतात... पत्रं लिहितात... नाही, तसं नाही, तू बघच, खूप गोड आहे."

"बघच, खूप गोड आहे" यावर कुणी चारशे रुपये काढतं का? मित्र सांगतोय म्हणून एखादा काढेल. चाळीस जणांचा ग्रुप नाही काढणार.

आणि त्या काळात ग्रुपला फार महत्त्व होतं. संस्था, क्लब, मंडळं अख्खा प्रयोग किंवा मोठा हिस्सा आगाऊ विकत घ्यायची. याला 'थिएटर पार्टी' म्हणत. ग्रुपसाठी तिकिटं घेणाऱ्या माणसाला स्वतःची आवड बघून चालत नाही. उद्या चाळीस जणांनी नाकं मुरडली तर जबाबदार तोच. म्हणून तो काय घेतो? मोठं नाव, मोठा स्टार, मोठा तमाशा. आपल्याकडे दिवाळीला कंपनीचा माणूस कर्मचाऱ्यांसाठी गिफ्ट घेतो तेव्हा हेच होतं. तुमचा हातचा चिवडा कितीही भारी असो, तो ओळखीच्या ब्रँडचा डबा उचलतो. कारण त्याला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

कारण ४: किंमत मोठ्यांच्या बरोबरीची

गिऱ्हाइक तुलना करतं. आपण कितीही म्हटलं की आमचं वेगळं आहे, तरी करतंच. शेजारच्या थिएटरमध्ये त्याच सुमाराच्या तिकिटात भव्य सेट, मोठा कोरस, नाच. इकडे एक दुकान आणि पत्रं. जो वर्षातून एकदाच बायकोला घेऊन म्युझिकल बघायला येतो, त्याला 'पैसा वसूल' कुठे वाटेल?

छोट्या गोष्टीत दर्जा असतो, पण तो *आत गेल्यावर* कळतो. भव्यता *बाहेरूनच* दिसते. आणि तिकीट बाहेरच काढावं लागतं!

कारण ५: फुकटची जाहिरात मिळाली नाही

त्या काळात म्युझिकलची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे रेडिओवर वाजणारं एखादं गाणं. लोक गाणं ऐकायचे आणि तिकीट काढायला यायचे. 'हॅलो, डॉली!'चं शीर्षकगीत लुई आर्मस्ट्राँग यांनी गायलं आणि १९६४ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. जाहिरातीचा एक पैसा न घालता!

'शी लव्ह्ज मी'ची गाणी खूप आहेत आणि ती गोष्टीत घट्ट विणलेली आहेत. आइसक्रीमवरचं गाणं ऐकून डोळ्यांत पाणी येतं, पण का येतं ते कळायला आधीची पूर्ण गोष्ट माहीत हवी. रेडिओवर नुसतं ऐकलं तर ते एका बाईचं आइसक्रीमवरचं गाणं! शिवाय गाणी इतकी, की रेकॉर्डसुद्धा दोन तबकड्यांची काढावी लागली. चाहत्यांसाठी खजिना, पण सहज उचलणाऱ्याच्या हाताला जड.

इथे एक कडू सत्य आहे. ज्या गुणामुळे ते नाटक चांगलं होतं, म्हणजे सगळं एकमेकांत विणलेलं असणं, त्याच गुणामुळे त्यातला एक तुकडा तोडून सॅम्पल म्हणून वाटता येत नव्हता. तुमच्या मालाचं सॅम्पल निघतं का? नसेल निघत, तर लोकांना चव कशी देणार, हे आधी ठरवा.

कारण ६: जिवंत कलेला 'स्पीड' नसतो

हे थोडं पुस्तकी आहे, पण उपयोगाचं आहे. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं. मुद्दा साधा. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तासाला जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढले तरी परवडतं. पण चार वादकांनी वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढत जातात. म्हणून जिवंत कला दरवर्षी महाग होत जाते.

पार्लरवाल्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. नवरीचा मेकअप घाईत होत नाही. हाताने बनवायच्या प्रत्येक धंद्याचं हेच आहे. तुमची वाढ 'जास्त भराभर बनवू' यातून येणार नाहीये. किंमत, जागा आणि गिऱ्हाइकाचं परत येणं, या तिघांतूनच येणार आहे.

मग छोटं नाटक चालतच नाही का?

चालतं! आणि असं चालतं, की जगात तोड नाही.

'शी लव्ह्ज मी'च्या तीन वर्षं आधी, ३ मे १९६० ला, न्यूयॉर्कमध्येच 'द फँटास्टिक्स' नावाचं एक छोटं म्युझिकल उघडलं. ब्रॉडवेवर नाही, तर ऑफ-ब्रॉडवेला, सुमारे दीडशे खुर्च्यांच्या सलिव्हन स्ट्रीट प्लेहाउसमध्ये. सेट म्हणजे जवळजवळ काहीच नाही. साथीला एक पियानो आणि एक हार्प. सुरुवातीला परीक्षणं संमिश्र आली आणि गर्दीही बेताची होती. निर्माते लोर नोटो यांनी तरीही बंद केलं नाही.

ते नाटक १३ जानेवारी २००२ पर्यंत चाललं. जवळपास ४२ वर्षं! १७,१६२ प्रयोग!

नोटो थांबू शकले, कारण *थांबणं त्यांना परवडत होतं*. आपल्या काल्पनिक गणितात बसवून बघा. १५० खुर्च्या, तेच ₹१०० तिकीट, ८ प्रयोग, म्हणजे फुल असेल तर आठवड्याला ₹१ लाख २० हजार. चालू खर्च समजा ₹६० हजार, भांडवल ₹३ लाख. आता तीच ७०% गर्दी धरा. कमाई ₹८४ हजार, उरले ₹२४ हजार, वसुली साडेबारा आठवड्यांत. मोठ्या थिएटरात हीच ७०% गर्दी ६७ आठवडे घेत होती.

तोंडी प्रसिद्धीला वेळ लागतो. माझ्याकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून तुमच्या वहिनीकडे. तो वेळ विकत घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत म्हणजे तुमचा महिन्याचा खर्च.

माझे अकरा महिने

आता माझी गोष्ट. माझं पहिलं दुकान गल्लीत, १८० चौरस फूट. चांगलं चाललेलं. बायका म्हणायच्या, "ताई, तुझ्याकडे मोठं दुकान हवं गं." २०१९ मध्ये मुख्य रस्त्यावर ६०० फुटांचा गाळा घेतला. भाडं ४२ हजार, डिपॉझिट ३ लाख, फर्निचर-लाइटिंग ७ लाख. आरसे असे लावले होते, की लोक फोटो काढायला यायचे. खरंच सांगते, फोटो काढायला यायचे.

जो यायचा तो म्हणायचा, "किती छान दुकान आहे!" मी रोज रात्री ते शब्द घेऊन घरी जायचे आणि हप्त्याच्या तारखेला बँकेत तेच शब्द चालायचे नाहीत. माझं गिऱ्हाइक गल्लीतलंच होतं. महिन्यातून दोनदा येणारं, टिकली-पिनांसोबत एखादी लिपस्टिक नेणारं. मुख्य रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला मोठा ब्रँड आणि मोठी सूट हवी होती, ती माझ्याकडे नव्हती. अकरा महिन्यांत शटर ओढलं. फर्निचर विकून दीड लाखसुद्धा आले नाहीत. ते कर्ज फेडायला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत मुलीला सुट्टीत कुठे नेलं नाही.

गल्लीतलं दुकान आजही चालू आहे. हा ब्लॉग मी त्याच्याच गल्ल्यावर बसून लिहितेय. माल चुकला नव्हता, जागा चुकली होती.

बंद पडलं म्हणजे संपलं का?

'शी लव्ह्ज मी'च्या लोकांचं पुढे काय झालं? नाटक बंद झाल्यावर १९६४ च्या टोनी पुरस्कारांत जॅक कॅसिडी यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. दुकान बंद झाल्यावर आलेली शाबासकी! पण त्याच सप्टेंबरमध्ये बॉक, हार्निक आणि निर्माते प्रिन्स 'फिडलर ऑन द रूफ' घेऊन आले. ३,२४२ प्रयोग. मॅस्टरॉफ यांनी पुढे प्रिन्ससोबत 'कॅबरे' केलं, तेही गाजलं. एक माल बुडाला म्हणून माणसं बुडाली नाहीत, कारण त्यांनी एकमेकांची साथ सोडली नाही.

आणि ते छोटं नाटकही मेलं नाही. १९९३ मध्ये राउंडअबाउट या ना-नफा नाट्यसंस्थेने ते परत आणलं. अशा संस्थेकडे वर्षाची वर्गणी आधीच भरलेले प्रेक्षक असतात, म्हणजे गिऱ्हाइक आधी, प्रयोग नंतर. २०१६ मध्ये याच संस्थेने पुन्हा केलं आणि ३० जून २०१६ चा प्रयोग इंटरनेटवर थेट दाखवला गेला. ब्रॉडवेवरून असं थेट प्रक्षेपण झालेलं हे पहिलं नाटक! शिवाय शाळा-कॉलेजं आणि हौशी संस्था परवाना घेऊन ते करत असतात. थोडी पात्रं, एक दुकान. ब्रॉडवेवर जो कमकुवतपणा होता, तोच तिथे सोयीचा ठरला.

साबणवाल्या मुलाचं गणित

फोनवरच आम्ही आकडे मांडले. भाडं ३५ हजार, लाइट ४ हजार, एक मुलगी कामाला १२ हजार, कर्जाचा हप्ता १४ हजार. झाले ६५ हजार. साबण १२० ला विकतो, साहित्य आणि पॅकिंग ५५, म्हणजे एका साबणामागे ६५ सुटतात. महिन्याला १,००० साबण विकले तर फक्त खर्च भागतो. त्याचा स्वतःचा पगार शून्य. २६ दिवस धरले तर रोज ३८-३९ साबण. आज तो महिन्याला विकतो साधारण ३००.

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, पण गाळा गेला तर?"

मी म्हटलं, "अरे, गाळा गेला तर दुसरा मिळेल. आईच्या पाटल्या गेल्या तर?"

शुक्रवार होऊन गेला. त्याने अजून सही केलेली नाही. दोन पार्लर आणि एका आयुर्वेदिक दुकानात त्याने एक-एक फळी मागितलीय, विक्रीवर कमिशन देऊन. चालेल की नाही, ते तीन महिन्यांत कळेल. पण नाही चाललं, तर जातील फक्त थोडे साबण.

गृहपाठ

जागा बघायला जाण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. तोंडी नाही, लिहून.

१. महिन्याचा ठरलेला खर्च किती, आणि तो भागायला रोज किती नग विकावे लागतील?
२. आज रोज किती विकता? दोन आकड्यांतलं अंतर कोण भरणार, कधी?
३. तुम्ही ठरवलेल्या विक्रीच्या ७०% च झाली, तर भांडवल किती महिन्यांत परत येईल?
४. तुमचं गिऱ्हाइक घरी जाऊन कोणतं *एक वाक्य* सांगेल? अमालियाची पेटी आठवा.
५. सहा महिने मनासारखी विक्री झाली नाही, तर घरातली कोणती गोष्ट विकावी लागेल? तिचं नाव लिहा.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना हात थांबला, तर गाळा लहान बघा. माल तोच राहू द्या.

पुढच्या भागात 'दुसऱ्याच्या दुकानात फळी कशी मागायची आणि कमिशन किती द्यायचं' यावर बोलू. तोपर्यंत हिशोब मांडत राहा. भेटू!